अर्धी झुलू, अर्धी न्युबियन

श्रोतेहो, नमस्कार. जून १९१७ मध्ये ब्रिटिश नौदलात एक विनाशिका दाखल झाली. नाव झुबियन. नकाशात शोधायला जाऊ नका. या नावाचा मुलूख नाही नि जमातही नाही.

कूळ मात्र पक्कं. ब्रिटिश नौदलप्रमुख ॲडमिरल फिशर यांना ३३ नॉट, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर वेगाच्या विनाशिका हव्या होत्या, त्याही कोळशावर नव्हे, तेलावर चालणाऱ्या. अशा १२ बांधल्या. नावं जमातींची: झुलू, न्युबियन, माओरी, मोहॉक, आपल्या कानांना ओळखीची आफ्रिदी आणि गुरखाही त्यांत होती. वर्ग एकच, पण आराखडा ज्या त्या गोदीचा. त्यामुळे म्हणायच्या बहिणी, पण एकीचा तोंडवळा दुसरीला नाही. कुणाला तीन धुरांडी, कुणाला चार. व्हायकिंगला तर चक्क सहा!

वेग मिळाला, पण भूक राक्षसी. एकदा आफ्रिदी आणि ॲमेझॉन तेल भरायला गेल्या. जाऊन-येऊन तीन मैल. तेवढ्यासाठी प्रत्येकीने साडेनऊ टन तेल जाळलं! शिधा आणायला निघालेल्याने वाटेतच दोन पंगती उठवाव्यात, तशी गत.

महायुद्धात लांबच्या सफरी यांना कुठल्या झेपायला? त्या इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत गस्त घालू लागल्या. ऑक्टोबर १९१६ मध्ये एका रात्री जर्मन विनाशिकांनी तिथे धाड घातली. न्युबियनला पाणतीर लागला, पुढचा भाग तुटला आणि उरलेलं धड किनाऱ्यावर जाऊन रुतलं. पुढच्याच महिन्यात झुलू पाणसुरुंगावर गेली. तिची पिछाडी उडाली. जे वाचलं ते ओढत फ्रान्समधल्या कॅले बंदरात नेलं.

आता एकीचं पुढचं शाबूत, दुसरीचं मागचं. इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत दोन्ही तुकडे आणले नि जोडायला घेतले. पण गोद्या वेगळ्या, मापं वेगळी; दोघींच्या रुंदीत साडेतीन इंचांचा फरक! दोन शिंप्यांनी शिवलेले अर्धे-अर्धे सदरे एका शिवणीत बसवायचे, आणि कापड पोलादाचं. पण बसवलं. नावही त्याच मापाने बेतलं, पुढचं झुलूचं, मागचं न्युबियनचं.

फेब्रुवारी १९१८ मध्ये एक जर्मन पाणबुडी बुडवल्याचं श्रेय नौदलाने या जोडजहाजाला दिलं. १९१९ अखेर ती भंगारात विकली गेली, दोन्ही अर्ध्या एकदमच.