तूरमालेच्या वाटेवरची गावं

(दृश्य: सकाळ. स्लेटच्या करड्या छपरांचं गाव. फाट्यावरची दिशादर्शक पाटी.)

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरिनीजच्या कुशीत सेंत-मारी-द-काँपां नावाचं छोटं गाव आहे. गावात रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडची वाट आस्पँच्या घाटाकडे जाते आणि उजवीकडची तूरमालेकडे. दोन्ही वाटांच्या सोबतीने एकेक ओढा खाली येतो. नाव दोघांचंही अदूर. गावाशी ते एकमेकांना भेटतात आणि पुढे त्यांची नदी होऊन बायोनजवळ समुद्राला मिळते.

इथून तूरमालेची खिंड 17.2 किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात 1268 मीटर चढायचं. दूरदेशांतून सायकली घेऊन माणसं येतात ती या चढासाठी. या फाट्यावर ती बाटल्या भरतात, घड्याळ सुरू करतात आणि निघतात. आपण मात्र जरा थांबणार आहोत, कारण तूरमालेची सगळ्यात मोठी गोष्ट खिंडीत घडलेली नाही. ती या गावात, एका लोहाराच्या भट्टीपाशी घडली.

(दृश्य: जुन्या लोहारशाळेच्या भिंतीवरची पाटी.)

जुलै 1913. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा सहावा टप्पा, बायोन ते ल्यूशाँ. युजेन क्रिस्तोफ तूरमाले चढून पुढच्या फळीत होता आणि त्या वर्षी जिंकायची खरी संधी त्याच्याकडे होती. उतारावर त्याच्या पुढच्या चाकाचा चिमटा, म्हणजे फोर्क, मोडला. नियम कडक होता: सायकल मोडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, सायकल बदलायची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरहून जास्त उतार तो पायी उतरला. वाटेत मागचे सगळे स्पर्धक एकेक करून त्याला ओलांडून गेले.

सेंत-मारीत त्याला लोहारशाळा सापडली. लोहार काय करायचं ते तोंडाने सांगू शकत होता, लोखंडाला हात लावू शकत नव्हता. स्पर्धेचे अधिकारी शेजारीच उभे राहून बघत होते. आता भट्टीपाशी काय चाललं असेल ते जरा जवळून बघा. एका हातात सांडशी, सांडशीत तापलेलं लोखंड, दुसऱ्या हातात हातोडा. निखारा फुलता ठेवायचा तर भाता सतत हलता हवा, आणि त्यासाठी तिसरा हात आणायचा कुठून? लोहारशाळेतल्या एका लहान मुलाने भाता ओढला. तेवढ्यावरून क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो दंड तीन मिनिटांवर आला, पण तोवर काही तास हातचे गेलेच होते. चिमटा जोडून तो पुन्हा सायकलवर बसला, समोरचा आस्पँ चढला, त्यापुढचा पेरसूर्दही चढला आणि टप्पा पूर्ण केला. पॅरिसला तो सातवा आला.

मला या गोष्टीत क्रिस्तोफइतकंच हे गाव दिसतं. डोंगरातल्या गावाला लोहार लागतोच. खेचरांना नाल, गाड्यांना धावा, विळे, कुऱ्हाडी. ती भट्टी काही स्पर्धेसाठी पेटलेली नव्हती. गावाच्या रोजच्या कामासाठी ती तिथे होती, म्हणून त्या दिवशी एका सायकलस्वाराच्या उपयोगाला आली. 1919 मध्ये टूरमध्ये आघाडीवरच्या स्पर्धकाला पहिल्यांदा पिवळी जर्सी दिली गेली, ती याच क्रिस्तोफला. त्याही वर्षी त्याचा चिमटा पुन्हा मोडला आणि हाताशी आलेली स्पर्धा निसटली. टूर तो कधीच जिंकला नाही. आज गावात त्याचा पुतळा आहे, डोक्यावर उंच धरलेल्या चिमट्यासह.

(दृश्य: काँपां गाव. बाजाराचं जुनं छप्पर, बाल्कनीत बसलेल्या कापडी बाहुल्या.)

खोऱ्यात थोडं खाली काँपां. इथे यायचं तर चढाच्या उलट दिशेला जावं लागतं, म्हणून घाटाच्या मागे लागलेले लोक हे गाव टाळतात. टाळू नये. चौकात दगडी खांबांवर उभं असलेलं जुनं बाजाराचं छप्पर आहे. उन्हाळ्यात गावभर माणसाच्या उंचीच्या कापडी बाहुल्या बसवलेल्या असतात: बाकावर, खिडकीत, जिन्यावर. त्यांना इथे मूनाक म्हणतात. एखादं लग्न गावाच्या रिवाजाला सोडून झालं की तरुण मंडळी नवरा-नवरीच्या बाहुल्या करून जाहीर थट्टा करायची, त्या प्रथेशी या बाहुल्यांचं नातं सांगितलं जातं. हिरव्या-तांबड्या शिरांचा काँपां संगमरवर याच खोऱ्यातला. व्हर्सायच्या राजवाड्यात तो लागला आहे. म्हणजे डोंगरातून जड माल बाहेर नेण्याची खटपट इथल्या लोकांनी सायकल जन्मायच्या कितीतरी आधीपासून केलेली आहे.

(दृश्य: चढ सुरू. चाकं, श्वास, ओढ्याचा आवाज.)

आता चढ. ग्रिपच्या वस्तीपर्यंतचे पहिले काही किलोमीटर सौम्य आहेत. कुरणं, धान्याची कोठारं, उजवी-डावीकडे गुरं. इथे पाय हलके वाटतात आणि नवखा माणूस जोर लावून बसतो. ग्रिपनंतर रस्ता जंगलात शिरतो आणि चढ आठ-नऊ टक्क्यांवर जातो. तिथून पुढे तो जवळपास सोडतच नाही. रस्त्याकडेला दर किलोमीटरला पाटी आहे: खिंड किती दूर, पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती. ती पाटी दिलासा देते की धाक दाखवते, हे तुम्ही कोणत्या किलोमीटरवर आहात त्यावर ठरतं.

हिशेब साधा आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचं भांडण वाऱ्याशी असतं. चढावर वेग इतका उतरतो की वारा बाजूला पडतो आणि वजन तेवढं उरतं. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरू. दीड तासात खिंड गाठायची, तर नुसतं ते वजन वर नेण्यासाठी पायांनी सलग 195 वॅटच्या आसपास ताकद द्यायला हवी. दोन तास घेतले तर तीच गरज दीडशेच्या आत येते. म्हणून इथे घाई करणारा वरच्या टप्प्यात कोसळतो. पुढे 34 दात आणि मागेही 34 दात असं गिअर लावलं, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो, साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी साडेसात किलोमीटर. पायी झपाझप चालणाऱ्यापेक्षा थोडंसंच जास्त. त्या वेगात दगडी कुंपणावरचं शेवाळ दिसतं, कापलेल्या गवताचा वास येतो, गाईच्या गळ्यातली घंटा कोणत्या उतारावरून वाजते ते कळतं. मोटारीतून गेलात तर यातलं काहीच हाती लागत नाही.

1910 साली, टूर पहिल्यांदा इथून गेली तेव्हा, असं गिअर नव्हतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेरी चक्रं असायची. चढ आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. डिरेलर, म्हणजे न उतरता साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, वापरायची मुभा टूरमध्ये 1937 साली मिळाली. आणि रस्ता म्हणजे खडी, माती आणि ओघळ.

(दृश्य: हिमस्खलनापासून आडोसा देणारे काँक्रीटचे बोगदे. पुढे ला मोंजी.)

जंगल संपतं, झाडी विरळ होते आणि रस्ता काँक्रीटच्या आडोशांखालून जातो. हिवाळ्यात वरून सुटणारा बर्फ रस्त्यावर न पडता छतावरून घसरून जावा, म्हणून हे बांधलेत. पुढे 1800 मीटरवर ला मोंजी. स्कीसाठी वसवलेल्या उंच इमारती. उन्हाळ्यात मला हे ठिकाण ओकंबोकं वाटतं, खालच्या गावांनंतर तर फारच. इथे डोळे वर न्यावेत. डोक्यावर 2877 मीटर उंचीचा पिक द्यु मिदी आहे आणि त्याच्या माथ्यावर वेधशाळा. बांधकाम 1878 मध्ये सुरू झालं. माणूस चंद्रावर जायच्या आधी, 1960 च्या दशकात, चंद्राच्या पृष्ठभागाचे बारकाईने फोटो इथूनही काढले गेले.

शेवटचे चार किलोमीटर उघड्या डोंगरावर. डांबरावर रंगाने लिहिलेली नावं, कुणाच्या तरी लाडक्या स्पर्धकांची. मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात आणि बाजूला व्हायची त्यांना गरज वाटत नाही. गोठवणारा वारा, उंचीमुळे विरळ हवा, आणि अगदी शेवटच्या वळणानंतर आणखी तीव्र होणारा चढ.

(दृश्य: खिंड. 2115 मीटरची पाटी, स्टीलचा सायकलस्वार.)

खिंडीत सायकलवर उभा ठाकलेला तो धातूचा माणूस म्हणजे 'तूरमालेचा महाकाय'. ओक्ताव लापीझच्या स्मरणार्थ. 21 जुलै 1910 रोजी ही खिंड टूरमध्ये सर्वांत आधी ओलांडणारा तो. चढाचा काही भाग त्याने सायकल ढकलत पार केला होता. हिवाळ्यात खिंड बर्फाखाली बंद असते, म्हणून पुतळा खाली नेतात. जूनमध्ये गाडीवर चढवून पुन्हा वर आणतात आणि त्या मिरवणुकीत शेकडो सायकली असतात.

टूरला इथे आणण्याची खटपट केली अल्फोन्स स्तेनेसने. तो टूर भरवणाऱ्या लोतो या वृत्तपत्रात काम करायचा. रस्ता पाहायला तो आला तेव्हा मोटार बर्फात अडली. तो पायी निघाला, अंधारात वाट चुकला आणि पलीकडच्या बारेजच्या लोकांना मध्यरात्र उलटून गेल्यावर सापडला, असं सांगतात. सकाळी त्याने पॅरिसला संपादक आँरी देग्राँजला तार केली: तूरमाले ओलांडला, रस्ता उत्तम. टूरचा पुढचा सगळा डोंगरी इतिहास त्या तारेवर उभा आहे. आणि त्या रात्री तो वाचला तो बारेजमध्ये लोक जागे झाले म्हणून, हे मला विसरता येत नाही.

(दृश्य: उतार. पश्चिमेकडची खोल दरी, खाली बारेज.)

या वाटेचं मूळ कारण बारेजच आहे. तिथे गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत. 1675 मध्ये मादाम द मँतनों, राजाच्या मुलांचा सांभाळ करणारी बाई, चौदाव्या लुईच्या पायाने अधू असलेल्या मुलाला घेऊन उपचारांसाठी बारेजला आली. खालच्या घळीतून धड रस्ता नव्हता, म्हणून ती तूरमालेवरून आली, माणसांनी खांद्यावर वाहिलेल्या खुर्चीतून. ज्यांच्या खांद्यावर ती खुर्ची होती, त्यांची नावं इतिहासात नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकात, तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, पिरिनीजमधली आरोग्यस्नानांची गावं जोडायला घाटरस्ता झाला. सायकली त्याच रस्त्यावरून येतात.

उतरताना अंगात वाऱ्याचं जाकीट हवंच. चढताना भिजलेला घाम काही मिनिटांत गार पडतो आणि बोटं आखडली की ब्रेक नीट दाबले जात नाहीत. या बाजूला जुन्या रस्त्याचा एक तुकडा मोटारींना बंद करून सायकलींसाठी राखलाय, लॉराँ फिन्योंच्या नावाने. तो घ्या. वळणं शांतपणे घेता येतात.

बारेजच्या खाली बास्ताँ नदी रस्त्याला बिलगून वाहते. जून 2013 मध्ये, वितळतं बर्फ आणि मुसळधार पाऊस एकदम आले आणि या नदीने रस्त्याचे मोठे तुकडे वाहून नेले, घरंही नेली. टूर येते आणि एका दुपारी जाते. रस्ता तुटला तर शाळा, दवाखाना, जनावरांचा चारा, सगळं अडतं ते इथल्या माणसांचं.

(दृश्य: ल्यूझ-साँ-सोव्हर. तटबंदीतलं चर्च.)

उतार संपतो ल्यूझला. गावाच्या मधोमध बाराव्या शतकातलं साँ-आँद्रे चर्च आहे आणि त्याभोवती किल्ल्यासारखा कंगोऱ्यांचा तट. लोक त्याला टेम्पलरांचं, म्हणजे मध्ययुगातल्या एका लढवय्या ख्रिस्ती पंथाचं, चर्च म्हणतात, तट मात्र हॉस्पिटलर या तशाच दुसऱ्या पंथाच्या लोकांनी चौदाव्या शतकात बांधला. सरहद्दीपलीकडून लुटारू आले की गाव या तटाआड जायचं. सायकल भिंतीला टेकवून आत जा. बुटांच्या तळाला असलेल्या, पायडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटचा आवाज दगडी फरशीवर मोठा येतो, म्हणून बूट हातात घ्या.

आपला रस्ता इथे संपला. लापीझचा नाही. 1910 चा तो टप्पा ल्यूशाँ ते बायोन, 326 किलोमीटरचा होता आणि पहाटे साडेतीनला सुरू झाला होता. तूरमालेनंतर त्याला ओबिस्कचा घाट चढायचा होता आणि मग समुद्रापर्यंतचा सगळा पल्ला. ओबिस्कवर आयोजकांना त्याने खुनी म्हटलं. सायकलवर मात्र बसून राहिला आणि चौदा तास दहा मिनिटांनी बायोनला पहिला पोहोचला. त्या वर्षीची टूरही त्याने जिंकली. तेव्हा निकाल गुणांवर लागायचा आणि कमी गुणांचा स्पर्धक जिंकायचा; प्रतिस्पर्धी फाबेरपेक्षा त्याचे चार गुण कमी होते. पहिल्या महायुद्धात तो लढाऊ वैमानिक झाला आणि 14 जुलै 1917 रोजी हवाई चकमकीत मारला गेला.