मग आता तुम्ही काय कराल?

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी एका अशा छंदाविषयी बोलणार आहे, ज्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही, आणि तरीही रात्री साडेबारा वाजता घरातल्या वडीलधाऱ्यांना "आता उठा, उद्या खेळा" असे दोन-दोनदा सांगावे लागते. टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसून खेळायच्या भूमिका-खेळांचा हा छंद आहे. रोल-प्लेइंग गेम या नावाने आपल्यापैकी काही तरुण श्रोते तो ओळखत असतील, परंतु मोबाइलवर त्याच नावाने जे मिळते ते माझ्या मनात नाही. माझ्या मनात आहेत ती समोरासमोर बसलेली चार-पाच माणसे, कागद, पेन्सिली आणि फासे.

खेळाची रीत थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी वाटाड्या, कोणी वैद्य, कोणी व्यापारी. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "मग आता तुम्ही काय कराल?" खेळाडू उत्तर देतात. जेथे यश येईल की नाही याची खात्री नसते, तेथे फासे टाकायचे, आणि फाशांनी जे सांगितले ते धरून सूत्रधाराने गोष्ट पुढे न्यायची. मी पुन्हा सांगतो: सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू काय करायचे ते ठरवतात, आणि शंका असेल तेथेच फासे पडतात. याहून अधिक नियम पहिल्या दिवशी लागत नाहीत.

या खेळाचे मूळ युरोपातल्या युद्धखेळांत आहे. राईसविट्झ नावाच्या एका प्रशियन अधिकाऱ्याने सिद्ध केलेला युद्धखेळ 1824 साली तेथील सैन्याने शिक्षणासाठी स्वीकारला, आणि त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा पंच असे. त्या परंपरेतून पुढे 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिली छपाई अवघ्या 1000 प्रतींची होती. सैन्याच्या तुकड्या हलवण्याऐवजी खेळाडूने एकाच माणसाच्या जागी उभे राहावे, ही त्यातली नवी गोष्ट होती. त्या खेळात चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे निरनिराळे फासे लागतात. ते दिसायला फार सुंदर असतात, पण ते मागवल्यावाचून खेळ सुरू करता येत नाही असा समज आपण कृपा करून करून घेऊ नये. आम्ही घरातल्या सापशिडीचे दोन फासे वापरतो.

या दोन फाशांचे गणित मात्र प्रत्येक सूत्रधाराने नीट समजून घ्यावे. दोन फासे मिळून 36 प्रकारे पडू शकतात. बेरीज सहा किंवा त्याहून कमी येण्याचे प्रकार 15 आहेत. सात, आठ किंवा नऊ येण्याचेही 15. आणि दहा किंवा त्याहून अधिक येण्याचे केवळ सहा. म्हणून आम्ही एका प्रचलित पद्धतीप्रमाणे असे धरतो की दहा किंवा त्याहून अधिक म्हणजे पूर्ण यश, सहा किंवा त्याहून कमी म्हणजे अडचण, आणि सात ते नऊ म्हणजे यश, पण काहीतरी मोजून. हे लक्षात ठेवा: सात ते नऊ, यश आहे, पण त्याची किंमत आहे. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला, त्यांच्या लीलावतीतही अशा मांडण्या मोजण्याची गणिते आहेत. असे असताना आपली मुले संभाव्यता केवळ सूत्र पाठ करून शिकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्या हाती आधी फासे द्यावेत आणि सूत्र मागाहून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाशांचे नाव काढले की आपल्याकडे वडील मंडळींच्या कपाळावर आठी पडते, आणि त्याला कारणही आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की पत्त्यांचे डाव बसतात, त्यांत पैसा येतो, आणि काही घरांत सणाचा आनंद त्या पैशाबरोबर निघून जातो. माझा त्या डावांना विरोध आहे आणि तो मी येथे नोंदवून ठेवतो. आमच्या खेळात पैसा नाही, आणि जिंकणेच नसल्यामुळे पैसा लावण्याची सोयही नाही.

आखाजीचा विषय निघालाच आहे, तर आता मी आपल्याला त्याच सणातली एक हकिगत सांगतो.

आमच्या धुळ्याच्या घरी आखाजीला आत्या माहेरी आल्या होत्या. त्यांचे सासर साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. दिवसभर ऊन इतके होते की रात्री गच्चीवर पाणी मारूनच सतरंज्या अंथरल्या. खेळायला मी सूत्रधार, अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या, नववीतली भाची आणि शेजारचे जिभाऊ, जे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत. आत्या बाजूला बसून गहू निवडत होत्या. चौथा खेळाडू हवा होता, म्हणून मी त्यांना व्यापारी तांड्याची नायकीण, म्हणजे पुढारीण, व्हायला सांगितले. "मला काय समजतं त्यातलं," असे म्हणत त्यांनी सूप बाजूला ठेवले.

प्रसंग असा होता. काळ खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा. किनाऱ्याकडून मीठ घेऊन दौलताबादेकडे निघालेला लमाणांचा तांडा वैशाखात धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याखाली पोहोचतो, आणि किल्लेदार घाटाची वाट अडवून इतकी जकात मागतो की ती दिली तर तांड्याला परत फिरण्यापुरतेही काही उरणार नाही. यातून सुटण्याचे तीन मार्ग मी आधीच योजून ठेवले होते: लढाई, रात्रीची चोरवाट आणि लाच. मग मी विचारले, "आता तुम्ही काय कराल?" पुतण्याने लगेच तलवार काढली. भाचीला चोरवाट शोधायची होती. जिभाऊंनी जकातीचा दर कोठे लिहिलेला आहे ते आधी दाखवा, असा आग्रह धरला. आत्या मात्र काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत, मला विचारले, "किल्लावर पानी कथाइन येस?" किल्ल्यावर पाणी कोठून येते?

मी सांगितले की किल्ल्यावर खडकात कोरलेली टाकी आहेत. त्या म्हणाल्या की वैशाखात टाक्यांच्या तळाशी हिरवा गाळ उरतो, ते पाणी माणूस नाइलाजाने पितो, आणि ज्याच्याकडे शिबंदी आहे त्याला रोज खालून पाणी चढवावे लागत असणार. मी विचारले की पखाली कोठून आणाल? त्या म्हणाल्या, पखाली किल्ल्यावरच असतील, पण त्यांचे बैल चाऱ्यावाचून हाडे निघालेले असतील, आणि आपल्या तांड्याचे बैल धडधाकट आहेत. "आमना बैल पानी वाहतीन," असे त्या किल्लेदाराला सांगायला निघाल्या. जकात नाही, पण दहा रात्री पांझरा नदीच्या डोहातून किल्ल्यावर पाणी.

श्रोतेहो, माझ्या कागदावर पाण्याचा एक शब्दही नव्हता. परंतु लहानपणापासून डोक्यावर हंडे वाहिलेल्या बाईला त्या किल्ल्याची खरी अडचण माझ्याआधी दिसली होती, आणि अशा वेळी सूत्रधाराने एकच करायचे असते. त्याने म्हणायचे की होय, असेच आहे. टाक्यांत गाळ आहे, बैल खंगलेले आहेत. मी तसे म्हटले आणि फासे आत्यांच्या हातात दिले.

एकावर तीन पडले, दुसऱ्यावर पाच. बेरीज आठ. यश, पण काहीतरी मोजून.

किल्लेदार कबूल झाला, परंतु त्याने अट घातली की दहा रात्री पुऱ्या होईपर्यंत तांड्यातला एक माणूस किल्ल्यावर ओलीस राहील. गच्चीवर सगळे एकदम बोलू लागले. पुतण्या म्हणाला, मी जातो, कारण त्याच्या पात्राला किल्ला आतून पाहता आला असता. भाचीने त्याला अडवले, कारण रात्री बैलांच्या सोबतीला तलवार चालवणारा तो एकटाच होता. आत्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि म्हणाल्या, "मी ऱ्हासू आठे." मी राहते येथे. त्यावर जिभाऊंनी अतिशय गंभीरपणे किल्लेदाराकडून मोहोर असलेली चिठ्ठी मागून घेतली, कारण तोंडी माफीवर त्यांचा आयुष्यभर कधी विश्वास बसलेला नाही.

दुसऱ्या रात्री जिने चढून सगळे वेळेआधीच हजर होते. खाली पुतण्या आणि भाची अंधारात बैल हाकत होते. वर किल्ल्यात आत्यांना मी विचारले, "आता तुम्ही काय कराल?" त्या सदरेवर गेल्या नाहीत की दरवाज्यांचे पहारे मोजायलाही गेल्या नाहीत. त्या मुदपाकखान्यात गेल्या आणि तेथल्या बायकांना विचारू लागल्या की घरात काय संपले आहे. मी उत्तर देण्याआधीच त्यांनी आपल्या पात्राची गोणी आठवून दिली: तांड्यावर मीठ आहे. त्यांनी पुन्हा फासे टाकले आणि अकरा पडले. मीठ संपलेल्या किल्ल्यात मिठाची नायकीण ओलीस म्हणून बसली होती, हे किल्लेदाराच्या आईच्या ध्यानात आल्यावर पुढचा सौदा तिच्याशीच झाला, आणि दहा रात्रींच्या सातच झाल्या. तांडा घाट चढला तेव्हा सोबतीला किल्ल्यावरचे स्वार होते. आत्या सासरी परत निघाल्या त्या सकाळी त्यांनी मला विचारले की त्या खंगलेल्या बैलांचे पुढे काय झाले.

म्हणून ज्यांना सूत्रधार व्हायचे आहे त्यांना मी सांगतो: प्रसंग तयार करा, गोष्ट तयार करू नका. पुन्हा सांगतो, प्रसंग तयार करा, गोष्ट तयार करू नका. जागा कोणती आहे, तेथे कोणाला काय हवे आहे आणि कोणी काही केले नाही तर उद्या काय घडेल, एवढे ठरवले की पुरे. किल्लेदाराला पैसा हवा आहे हे मी ठरवले होते. त्याला पाणीही हवे असेल हे आत्यांनी ठरवले, आणि खेळ उभा राहिला. फासे वाईट पडले तरी "जमले नाही" एवढेच म्हणून थांबू नये. नवी अडचण समोर ठेवावी, कारण आत्यांना दहा किंवा त्याहून अधिक दान पडले असते तर ओलीस राहण्याचा प्रसंगच आला नसता, आणि मुदपाकखान्यापर्यंत आमच्यापैकी कोणीही पोहोचले नसते.

आणखी एक आग्रह मी धरणार आहे. पात्रांना अहिराणी बोलू द्या. शहरात शिकणारी आपली मुले घरातली बोली चारचौघांत बोलायला संकोचतात, आणि हा संकोच त्यांना शिकवला गेला आहे. पुतण्या एरवी अहिराणीला मराठीतच उत्तर देतो. त्या रात्री बैल हाकताना तो अहिराणीत बोलला, कारण तांड्याचा तलवारबाज पुस्तकी मराठी बोलला असता तर ते कोणाला पटले नसते.

सुरुवात करायची असेल तर तीन किंवा चार खेळाडू जमवा. सहाच्या पुढे गेलात तर कोणी ना कोणी नुसते ऐकत बसते. पहिल्या बैठकीला दोन-अडीच तास ठेवा. खेळाआधी सगळ्यांना विचारून घ्या की कोणता विषय गोष्टीत नको आहे. ज्याच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे त्याच्यासमोर मरणाचा प्रसंग आणू नये, आणि कोणी मध्येच "हे नको" म्हटले तर कारण न विचारता तो भाग सोडून द्यावा. जो कमी बोलतो त्याला नाव घेऊन विचारा, कारण मोठ्या आवाजाचा माणूस आपोआपच बोलतो. प्रसंग हवा असेल तर हा घ्या: चांगदेव गावी तापी-पूर्णेच्या संगमावर नाव मध्यावर आली आहे, वरून पुराचे पाणी येत असल्याची हाळी ऐकू येते, आणि नावेतल्या एका माणसाने नाव परत फिरवण्यास ठाम नकार दिला आहे. तो नकार का देतो हे तुम्ही आधी ठरवून ठेवा आणि एका कागदावर लिहा. बैठक संपली की झोपण्याआधी त्याच कागदाच्या मागे, ज्या माणसांना आणि जागांना खेळाडूंनी ऐनवेळी नावे दिली ती सगळी नावे उतरवून ठेवा, कारण पुढच्या बैठकीत ते पहिल्यांदा त्यांच्याविषयीच विचारतील. नमस्कार.