६१ पैकी १२: हट्टी ल्युकेमियावरच्या औषधाची चाचणी

नमस्कार! आज सुरुवात एका आकड्याने करते. ६१ पैकी १२. परीक्षेत एवढे मार्क पडले तर सरळ नापास. पण हा आकडा ज्या चाचणीतून आला, तिच्याच बळावर डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी एक औषध मंजूर झालं. क्लोफॅराबिन.

थोडं मागे जाऊ. मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ए.एल.एल. १९४८ साली बॉस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाचे निकाल छापले: १६ मुलांपैकी १० सुधारली. पण ते काही काळापुरतंच, आजार उलटला. आज चांगले उपचार मिळाले तर दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात. आपण बोलतोय ते दहाव्या मुलाबद्दल.

किमोने बहुतेक ब्लास्ट पेशी, म्हणजे कॅन्सरच्या अपक्व रक्तपेशी, मरतात. ज्या तगतात त्या चिवट असतात, आणि पुढे वाढतात त्याच. मग तेच औषध पुन्हा देऊन फारसं काही हाती लागत नाही. नवं हवं. पण नवं औषध किती द्यायचं?

पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा मुख्य प्रश्न हाच. “मूल बरं होईल का?” हा नाही! नेहमीची पद्धत अशी: तीन मुलांना कमी डोस. थांबा, बघा. कुणालाच गंभीर त्रास नाही? पुढच्या तिघांना थोडा जास्त. एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला, की मागे फिरायचं. ल्युकेमियात यातही गोम आहे. प्लेटलेट घसरल्या, त्या औषधाने की आजाराने? मुळात बोन मॅरोच, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगजच, ब्लास्टने भरलेला असतो, त्यामुळे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून औषधाला दोष देता येत नाही.

क्लोफॅराबिनच्या वेळी एक गंमत झाली. ल्युकेमियाच्या मोठ्या रुग्णांना दिवसाला, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे, ४० मिलिग्रॅम झेपलं. मुलांना ५२! मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशेबाने कापून मुलांना द्यायचा, हे गणित इथे चाललंच नसतं.

मग दुसरा टप्पा. ए.एल.एल.ची ६१ मुलं, प्रत्येकावर आधीचे किमान दोन उपचार फसलेले. सात जणांचा मॅरो साफ झाला आणि रक्तही सावरलं. पाच जणांचा मॅरो साफ झाला, फक्त प्लेटलेट मागे राहिल्या. झाले बारा. तुलनेला दुसरा गट नव्हता. माझ्या मते ते रास्तच होतं. हा आजार या टप्प्यावर आपणहून माघार घेत नाही, त्यामुळे मॅरो साफ झाला तर श्रेय औषधाचंच.

ही माघार बहुतेकदा फार टिकत नाही. पण बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी आधी आजार दबलेला असावा लागतो, आणि काही मुलांना या औषधाने तेवढी उसंत मिळवून दिली. बाराची किंमत तिथे आहे.

आई-वडिलांना मात्र “नवं औषध” म्हटलं की “जास्त चांगलं औषध” असंच ऐकू येतं. कुणाला येणार नाही? म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा: ही चाचणी कितव्या टप्प्यातली आहे, आणि माझ्या मुलात तुम्ही नेमकं काय मोजणार आहात? आणि मूल समजत्या वयाचं असेल, तर त्यालाही त्या खोलीत बसू द्या.