नावे ठेवाल तर शाप: अर्तुकी राजांचे तांब्याचे दिरहम

नमस्कार श्रोतेहो. बाराव्या शतकात पश्चिम आशियात चांदीची टंचाई होती. आज तुर्कस्तानात असलेल्या मार्दीन आणि हसनकेफ इथल्या अर्तुकी राजांनी तांब्याचीच जाडजूड नाणी पाडली आणि नाव दिले दिरहम, म्हणजे चांदीच्या नाण्याचे. लोक कुरकुरणारच. म्हणून मार्दीनच्या काही नाण्यांवर चक्क कोरले आहे, की या दिरहमाला नावे ठेवील तो शापित!

खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवायचा, त्यावर तापवून मऊ केलेली चकती, तिच्यावर हाती धरलेला दुसरा ठसा, आणि घणाचा घाव. वजन साधारण दहा ते पंधरा ग्रॅम, व्यास तीन सेंटीमीटरच्या आसपास. एवढ्या तांब्यावर उठाव यायला घाव जबर लागतो. चकती कडक राहिली तर कड तडकते. घाव तिरका पडला तर एक बाजू सपाट राहते. दोन घावांमध्ये ठसा सरकला, तर राजाला दोन नाके! नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले आणि कारागिराच्या ध्यानात आले नाही, तर पुढच्या चकतीवर खालच्या ठशाचे चित्र दोन्हीकडे येते. खाली उठावाचे, वर खोलगट आणि उलटे.

चित्रे मात्र कुठून कुठून उचललेली. मार्दीनचा राजा तिमुरताश याच्या नाण्यावर जुन्या ग्रीक राजाचे मस्तक, हसनकेफच्या करा अर्सलानच्या नाण्यावर सिंहासनावरचा येशू, पुढे नासिरुद्दीन महमूदचा दोन डोक्यांचा गरुड. मार्दीनच्या हिजरी 599 च्या नाण्यावर धनु राशीचा धनुर्धर वळून मागे बाण सोडतो आहे. हिजरी 589 च्या नाण्यावर चार शोकमग्न आकृती आहेत. इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन त्याच वर्षी, 1193 च्या मार्चमध्ये, वारला, म्हणून हा त्याचाच शोक असे अनेक अभ्यासक मानतात. अनुमान मोहक आहे, पण अनुमानच.

साल बहुधा कडेला, तेही शब्दांत: आधी एकक, मग दशक, मग शतक. घाव मध्यावर नसला की कडेचा मजकूर चकतीबाहेर जातो. शिवराईवरही अक्षरे अशीच तुटतात. मग चित्र आणि राजाचे नाव यांवरून काळ ठरवावा लागतो.

असे नाणे हाती आले तर चिंच-मीठ लावून घासू नका. हिरवट-तपकिरी थरासोबत बारीक रेषाही जातात. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर ते क्षाराचे दुखणे. नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवा आणि जाणकाराला दाखवा.