जक्कयाचा हिशोब

(गोव्यात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बंधूभगिनींनो,

लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जक्कय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. यरीहोतल्या जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, बुटका. येशू दिसावा म्हणून तो झाडावर चढला, हे लहान मुलांनाही पाठ असतं. झाडावरून उतरल्यावर त्याने जे आकडे सांगितले ते मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून काही घेतलं असेल त्याला चौपट परत. ते ऐकून येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. आज मी याच आकड्यांबद्दल बोलणार आहे, कारण विश्वास आणि रोजचं जगणं यांचा सांधा जिथे निखळतो ती जागा बहुतेक वेळा पैशाची, मजुरीची किंवा जमिनीची असते.

आधी क्रम नीट पाहा. जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता तेव्हाच येशूने त्याला नावाने हाक मारली आणि तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणून सांगितलं. कृपा आधी आली, परतफेड नंतर. इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात पौल हेच सांगतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान म्हणून, कुणी फुशारकी मारू नये म्हणून कर्मांनी नव्हे. आपण एवढंच वाचून थांबतो. लगेच पुढच्या, 10व्या वचनात तो म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालेलो आहोत. तारण कृपेने की कर्मांनी, या प्रश्नावरून युरोपात चर्च दुभंगलं, आणि चारशेहून अधिक वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन चर्चेसनी एकत्र सही करून मान्य केलं की माणूस नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने, आणि सत्कृत्यं ही त्या कृपेची फळं आहेत. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. तुमच्यापैकी काही इगर्जीत (चर्चमध्ये) मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) जाणारे, काही मराठी प्रोटेस्टंट मंडळीत उपासना करणारे. या मुद्द्यावर आता आपल्यात भांडायला फारसं काही उरलेलं नाही. फळ धरतं की नाही, हे पाहायचं उरलं आहे.

आता आकडे. जक्कयाने दोन खाती वेगळी ठेवली. गरिबांना दिलं ते दान. फसवलेल्यांना दिलं ते देणं. आपण नेमकी हीच दोन खाती एकत्र करतो. एखाद्याचे पैसे बुडवलेले असतात आणि मनाला टोचणी लागली की आपण इगर्जीच्या पेटीत नोट टाकतो, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) खर्च उचलतो, कपेलाला (छोट्या प्रार्थनाघराला) रंग लावून देतो. ते सगळं चांगलंच आहे, पण ज्याचे बुडाले त्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. चोरलेल्या पैशातून केलेलं दान हे दुसऱ्याच्या पैशाचं दान आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात दोन दर आहेत. गणनाच्या 5व्या अध्यायात, स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा द्यायचा. निर्गमच्या 22व्या अध्यायात, मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं असेल तर एकाला चार. जक्कय स्वतःहून कबूल करत होता, म्हणजे त्याला हलका दर लागू पडला असता. त्याने जड दर घेतला. आपल्याला चौपट जमेलच असं नाही. पाचव्या हिश्शाने सुरुवात करू.

समजा, घराच्या कुंपणाची भिंत बांधायला गवंडी लावला. दिवसाला 900 रुपये, दहा दिवस, म्हणजे 9,000. शेवटी एका कोपऱ्यात तडा दिसला म्हणून 1,500 अडकवून ठेवले आणि ‘नंतर बघू’ म्हटलं. तडा खरंच त्याच्या कामामुळे गेला का, हे कुणी तपासलं नाही. पावसाळा गेला, चवथ (गणेशचतुर्थी) गेली, नाताळ गेला. हे देणं फेडायचं तर 1,500 मुद्दल आणि 300 पाचवा हिस्सा, मिळून 1,800. आणि देताना काय म्हणायचं, तेही महत्त्वाचं आहे. ‘घे, मुलांना खाऊ आण’ म्हणू नका. तसं म्हटलं की त्याच्याच मजुरीची भीक होते आणि तो उलट आपले उपकार मानून जातो. ‘हे तुझेच होते, मी अडकवून ठेवले, उशीर झाला म्हणून तीनशे जास्त आहेत’, एवढं स्पष्ट म्हणायचं. लेवीयच्या 19व्या अध्यायात आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो की अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. आपल्या घरांचे चिरे लावणारी, नारळ पाडणारी, धुणीभांडी करणारी माणसं आज बरीचशी कर्नाटक, ओडिशा, झारखंडची आहेत. गावात त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. म्हणून हे खातं आधी उघडा.

कॅथलिकांसाठी एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली) केलं, पाद्रीने पापक्षमा दिली, की सगळं मिटलं असं धरलं जातं. पापक्षमेने पाप मिटतं. पापाने केलेलं नुकसान तसंच राहतं, आणि ते भरून देणं आपल्यावर असतं, अशी चर्चची स्पष्ट शिकवण आहे. ऐपत असून परत करण्याचा विचारच नसेल, तर पश्चात्तापच अपुरा आहे. एकदम देता येत नसेल तर हप्त्याने द्या. तोंड दाखवण्याची हिंमत नसेल, किंवा दाखवल्याने नवीन अनर्थ होणार असेल, तर पाद्रीमार्फत नाव न सांगता पोचवता येतं. माणूस वारला असेल तर वारसांना द्यायचं. वारसही सापडत नसतील तरच ते गरिबांकडे जातं. हा क्रम उलटा करून थेट शेवटची पायरी गाठू नये.

गोव्यात याहून अवघड खातं घरवाटणीचं असतं. इथल्या कायद्यात, पोर्तुगीज नागरी संहितेपासून, मुलीला मुलाइतकाच वाटा आहे आणि आईवडिलांच्या मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव आहे. एवढा चांगला कायदा असून बहिणीचा वाटा जातो तो सहीने. लग्नाच्या गडबडीत, किंवा आई गेल्यावर महिन्याच्या मिस्सेला सगळे जमलेले असताना, हक्क सोडल्याचा कागद तिच्यापुढे ठेवला जातो. ‘तुला काय कमी आहे’ म्हणतात आणि ती सही करते. कायद्याने ते पक्कं होईलही, पण माझ्या मते देवापुढे ते पक्कं होत नाही, कारण तिने मोकळ्या मनाने दिलेलं ते नसतं. ज्या भावाला हे नीट करायचं आहे त्याने तीन गोष्टी कराव्यात: कागद तिच्या घरी न्यावा, सही तिथल्या तिथे मागू नये. तिच्या ओळखीच्या, आपल्या नव्हे, वकिलाकडून तो वाचून घ्यायला सांगावं. आणि वाट्याची आजची किंमत तिला आकड्यात सांगावी. एवढं झाल्यावर तिने सोडला तर ते तिचं दान. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचंही तेच. मुंडकाराला राहतं घर विकत घेण्याचा हक्क 1975 च्या कायद्याने दिला आहे. अर्ज आल्यावर तारखांमागून तारखा पाडत राहणं आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसणं, या दोन गोष्टी एका माणसाने करू नयेत.

पैशानंतर नाव. एखाद्याच्या नावाला लावलेला बट्टा हीसुद्धा चोरीच असते, आणि तिची भरपाई पैशापेक्षा कठीण. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची दुरुस्ती वेगवेगळी होते. जे बोललो ते खोटं होतं, तर ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्याचसमोर ते मागे घ्यायचं. मोबाइलवरच्या गटावर लिहिलं असेल तर त्याच गटावर. एकट्याला गाठून माफी मागितली आणि पन्नास जणांना खोटंच माहीत राहिलं, तर ती भरपाई झाली नाही. पण जे बोललो ते खरं होतं आणि तरी बोलायची गरज नव्हती, तर ‘ते खोटं होतं’ म्हणता येत नाही, कारण ते दुसरं खोटं होईल. तेव्हा त्या माणसाचं जे खरोखर चांगलं आहे ते त्याच लोकांत सांगायचं, आणि तो विषय पुन्हा आपल्या तोंडून काढायचा नाही.

भांडण मिटवण्याची पद्धत मत्तयाच्या 18व्या अध्यायात पायरीपायरीने दिली आहे. आधी दोघांनीच, एकांतात. नाही जमलं तर एक-दोन जणांना सोबत घेऊन. तरीही नाही, तर मंडळीपुढे. आपल्याकडे गोष्ट आधी बाल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) जाते, मग साऱ्या वाड्यावर, मग पाद्रीकडे तक्रार, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी बोलणं कधीच होत नाही. तोवर त्याची अब्रू गेलेली असते आणि तो समेटाला येऊच शकत नाही. म्हणून पहिली पायरी गाळू नये. जायचं ते दिवसाउजेडी, जेवणाच्या वेळेला नाही, कुणी दारू घेतलेली असताना तर नाहीच. बोलणं एकाच घटनेबद्दल. ‘तू नेहमी असंच करतोस’ या वाक्याने अर्धे समेट मोडतात.

हे सगळं दिसणार कसं? संध्याकाळच्या तेर्सानंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) किंवा झोपण्याआधी पंधरा मिनिटं काढा. येशूसंघ स्थापन करणाऱ्या संत इग्नाशियसने आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या: आधी देवाचे आभार, मग स्वतःची पापं दिसावीत म्हणून प्रकाशाची मागणी, मग दिवसाचा तासातासाने आढावा, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. बहुतेकांचं चुकतं ते तिसऱ्या पायरीवर. ‘मी फार पापी आहे’ असं म्हणून मन भरून येतं, डोळे ओले होतात, आणि दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. पापी आहे हे खरं, पण सकाळी साडेआठला कुणाशी काय बोललो? पदेराला (पाववाल्याला) सुटे पैसे द्यायचे राहिले का? कामवालीच्या सुट्टीचा दिवस कापला का? आढाव्यात माणसाचं नाव यायला हवं. आणि पाचव्या पायरीवर एकच कृती ठरवा, जी उद्या संध्याकाळच्या आत होईल. पाच ठरवल्या की एकही होत नाही. पहिली पायरीही गाळू नका; आभारांशिवाय बसलं की आत्मपरीक्षण स्वतःला झोडपण्याचं काम होतं आणि महिन्याभरात सुटतं.

उपवासाबद्दल थोडक्यात. कॅथलिकांना बंधनकारक उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). दिवसात एक पूर्ण जेवण, 18 वर्षांपासून साठाव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत. चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. आता मांस सोडून इसवणाची (सुरमईची) तळलेली तुकडी ताटात आली तर नियम मोडत नाही, पण इसवण कोंबडीपेक्षा महाग. त्यातून वाचलं काय, आणि ते गेलं कुणाकडे? शुक्रवारी डाळ-भात करावा, वाचलेले पैसे डब्यात टाकावेत आणि उत्तम शुक्रवारपूर्वी ते नाव ठरवून एखाद्या घरी पोचवावेत.

आणि जात. हा विषय टाळून गोव्यात तारणाबद्दल बोलता येत नाही. आपल्या कॉन्फ्रारी (चर्चमधले बंधुसंघ) जुन्या काळी जातीवर उभ्या राहिल्या. फेस्त कुणी करायचं, कापा (कॉन्फ्रारीचा झगा) कुणी घालायचा, हे बाप्तिस्म्याने नव्हे, जन्माने ठरायचं. गलतीकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही म्हटलं आहे. तुमच्या गावात अजून हा भेद असेल, तर त्याचा फायदा मिळणाऱ्यांनीच तो सोडायचा असतो. ज्यांना बाहेर ठेवलं ते मागतील याची वाट पाहू नये. बाणावलीत 1651 साली जन्मलेल्या संत जुझे वाझ यांच्याकडे पाहा. श्रीलंकेच्या डचांच्या ताब्यातल्या भागात ते मजुराच्या वेषात शिरले, आणि 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक पळून गेले तरी ते थांबले. रोगी कुठल्या धर्माचा हे न बघता त्यांची सेवा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. कँडीच्या राजाने त्यांना धर्म सांगण्याची अधिक मोकळीक दिली ती या सेवेनंतर. 2015 मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांचं चित्र आपल्या भिंतीवर असेल तर ते काम आपल्या हातातही यायला हवं.

शेवटी श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न घेतो. ‘मी परत करायला गेलो आणि त्याने घेतलंच नाही, दार लावलं, तर?’ दार लावण्याचा हक्क त्याला आहे. क्षमा ही आपल्याला मिळायलाच हवी अशी वस्तू नाही. तिथल्या तिथे वाद घालू नका, पैसे उंबऱ्यावर ठेवून निघून येऊ नका, तो अपमान होतो. काही दिवसांनी चार ओळींचं पत्र लिहा: काय घेतलं, किती, कधी, आणि ते माझ्याकडे तुमच्यासाठी ठेवलेलं आहे. स्वतःची बाजू मांडणारं एकही वाक्य त्यात नको. रक्कम बँकेत वेगळी ठेवा आणि घरात एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे उद्या आपलं काही झालं तरी ती आपल्या मुलांच्या वाटणीत मिसळणार नाही. वर्षाने पुन्हा एकदा विचारा. तोवर त्या पैशाला हात लावायचा नाही.