अंगठ्याचा ठोका: व्हिडिओवरून फिंगरस्टाइल ब्लूज शिकताना

मित्रहो, ज्यांना ई, ए आणि बी सेव्हन या कॉर्ड न अडखळता बदलता येतात, बारा बारचे (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक खंड) आवर्तन कानाने ओळखता येते, पण एकाच गिटारवर खर्ज आणि चाल एकत्र वाजवू लागताच ज्यांचा हात गोंधळतो, अशा विद्यार्थ्यांसाठी मी आज बोलणार आहे. या टप्प्यावर व्हिडिओ लावला की नजर आपोआप डाव्या हातावर जाते, कारण कोणत्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या घरात) कोणते बोट हे तिथे स्पष्ट दिसते. फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवलेल्या, ब्लूजचा प्राण मात्र उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे, आणि व्हिडिओचा खरा उपयोग त्या अंगठ्यावर लक्ष ठेवण्यासाठी करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अंगठा मुख्यतः दोन प्रकारे चालतो. टेक्सासचे लाइटनिन हॉपकिन्स ई मध्ये, म्हणजे ई हा षड्ज धरून, वाजवताना अनेकदा खुल्या सहाव्या तारेवरच ठोके देत राहतात आणि वरच्या तारांवर बोटे गाण्याला उत्तर देतात. मिसिसिपीचे जॉन हर्ट यांच्या वादनात अंगठा दोन जाड तारांवर आलटून पालटून पडतो, जसे सी कॉर्डवर पाचवी आणि चौथी तार, आणि त्या अखंड चालीवर तर्जनी व मध्यमा गाण्याचीच सुरावट काढतात. पहिल्या प्रकारात तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात तिथे) तारांवर हलकेच टेकवून खर्ज दबका ठेवला तर ठोका उठून दिसतो. ही कड नेमकी कुठे टेकते, ती दोन बोटे पुढे सरकली की सूर कसा मरतो, हे छापील टॅबमध्ये, म्हणजे तार आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीत, कधीच कळत नाही. ते चांगल्या व्हिडिओत दिसते.

खरी अडचण पुढे आहे. सुरावटीचा स्वर जेव्हा अंगठ्याबरोबर, म्हणजे ठोक्यावर पडतो, तेव्हा दोन्ही तारा एकदम छेडायच्या असतात आणि ते सहसा लवकर जमते. दोन ठोक्यांच्या मधोमध पडणारा स्वरही थोड्या सरावाने बसतो. परंतु ब्लूजमध्ये चालीतला महत्त्वाचा स्वर वारंवार पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी येतो, ठोका पडत असताना तो नुसता घुमत राहतो, आणि त्या क्षणी अंगठ्याला एकट्यानेच खाली यावे लागते. येथे अंगठा बोटाच्या मागे ओढला जातो आणि सगळी लय कोसळते. त्यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो: तो एकच बार निवडावा, चार ठोक्यांचे आठ भाग कागदावर लिहावेत, विषम आकड्यांवर अंगठा मांडावा, मग बोटांचे स्वर त्यांच्या जागी लिहावेत आणि अंगठा न थांबवता एकेक स्वर वाढवत जावे. याच्या जोडीला चाल तोंडाने म्हणावी. हाताने ताल देत बंदिश म्हणण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हे काम अर्धे झालेलेच असते.

व्हिडिओचा वेग कमी करण्याची सोय फार मोलाची आहे, कारण आता वेग निम्मा केला तरी स्वराची उंची बदलत नाही. पण निम्म्या वेगावर केवळ बोटांच्या जागा पाहाव्यात. लय तिथून उचलू नये. शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या लयीत, ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो, आणि ही लांबी-आखूडी वादकागणिक आणि वेगागणिक बदलते. म्हणून बोटांच्या जागा कळल्या की पडदा झाकून मूळ वेगात तेच आवर्तन पुन्हा पुन्हा ऐकावे.

ई मधल्या गांधाराचेही तसेच आहे. पहिल्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा स्वर किंचित ताणला की तो कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मध्ये कुठेतरी जातो. टॅबमध्ये त्यासाठी एक लहानसा बाण असतो; आपल्याकडे ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाने त्या बाणापेक्षा स्वतःवर अधिक भरवसा ठेवावा.

शिकवणाऱ्याच्या व्हिडिओवरून मूळ वादकाकडे जाणे मात्र टाळू नये. जॉन हर्ट यांनी 1928 मध्ये ध्वनिमुद्रण केले, नंतर ते विस्मृतीत गेले, 1963 मध्ये मिसिसिपीतील ॲव्हलॉन या गावी ते पुन्हा सापडले आणि 1966 मध्ये वारले. त्या अखेरच्या काळात अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते वाजवताना चित्रित झाले आहेत. त्याच कार्यक्रमात अंध गायक-वादक रेव्हरंड गॅरी डेव्हिसही दिसतात, आणि केवळ अंगठा व तर्जनी एवढ्यावर ते केवढे संगीत उभे करतात हे पाहिल्यावर कोणत्या बोटाने वाजवावे याबद्दलचे अनेक वाद मिटतात. मिसिसिपीचे ब्लूज गायक-वादक रॉबर्ट जॉन्सन यांचे मात्र वाजवतानाचे चित्रण उपलब्ध नाही. 1936 आणि 1937 मधली ध्वनिमुद्रणे हाच आपला आधार आहे, म्हणून त्यांचे वादन शिकवणारा प्रत्येक व्हिडिओ हा त्या शिक्षकाचा अंदाज असतो. अशा वेळी एकाच गाण्याचे दोन शिक्षकांचे व्हिडिओ शेजारी ठेवावेत आणि जिथे ते वेगळ्या फ्रेटवर जातात, तिथे मूळ ध्वनिमुद्रणात खुली तार घुमते आहे की दाबलेली, हे ऐकून निर्णय करावा.