रुमाल सोडताना

(दृश्य: जुनी दगडी इमारत. उंच मांडण्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. एका गठ्ठ्याची गाठ सोडणारे हात.)

पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांच्या संग्रहात, कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. चौकोनी कापड, आत कागदांची थप्पी, वर गाठ. ही गाठ सोडायलाही शिकावं लागतं. हिसका दिला की वरच्या कागदाची कड तुटते आणि तिच्याबरोबर एखादी तारीखही जाते. बोटांच्या पेरांनी गाठ हळूहळू सैल करत आणायची.

मी हे शिकले तेव्हा तेवीस वर्षांची होते. इतिहासात एम.ए. झालं होतं, पुराभिलेख खात्याचा मोडी लिपीचा वर्गही केला होता. वाटलं, आता नोकरी मिळेलच.

(दृश्य: एसटीच्या खिडकीतून मागे पळणारा रस्ता.)

पेशव्यांचे कागद पुण्यात, कंपनी सरकारचे मुंबईत, करवीर संस्थानचे कोल्हापुरात. ते जागचे हलत नाहीत. त्यामुळे जागा निघेल तिथे आपल्यालाच बिऱ्हाड हलवावं लागतं. आई म्हणायची, "जुनी कागदं सगळीकडं सारखीच की गं, मग हितंच साताऱ्यात बघ ना काहीतरी." तिला काय सांगणार?

ही वणवण जुनीच आहे. 1891 साली कलकत्त्यात इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झालं, म्हणजे आजचं राष्ट्रीय अभिलेखागार. ते उभं करायला जॉर्ज फॉरेस्ट गेले, मुंबईचं सरकारी दफ्तर सोडून. पुढे राजधानी हलली तसं ते खातंही दिल्लीला हललं. 1926 साली तिथे त्याची इमारत उभी राहिली. गोव्याचं दफ्तर तर 1595 सालापासूनचं, बहुतेक पोर्तुगीज भाषेतलं. गोवा मुक्त झाल्यानंतर ते सांभाळायला वि. त्रिं. गुणे गेले, मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर संशोधन केलेले. नवी भाषा, नवं हस्ताक्षर, नवं गाव. आमच्या कामात हे तिन्ही एकदमच अंगावर येतं.

मीही दिल्लीला गेले, अभिलेखागाराच्या एक वर्षाच्या डिप्लोमासाठी. थंडीच्या दिवसांत फाटक्या कागदाला पातळ खळ लावून शिफॉनचं कापड चढवायचं आणि ते वाळायची वाट बघत बसायचं. ते वर्ष मला फार आवडलं. कागद वाचण्याआधी वाचवावा लागतो, हे तिथे हाताला कळलं.

(दृश्य: वर्तमानपत्रातली जाहिरात. बोट एकेका ओळीवरून फिरतं.)

परत आल्यावर जाहिराती बघायला लागले. अभिलेखपाल, पद एक. इतिहासातली पदव्युत्तर पदवी, मोडी वाचता येणं आवश्यक. नेमणूक कंत्राटी, अकरा महिने, एकत्रित मानधन. घराचा भाडेकरारही अकरा महिन्यांचाच असतो. दोन्हींची मुदत एकाच महिन्यात संपायची आणि त्या महिन्यात मला झोप लागायची नाही. एका ठिकाणी मुदतवाढीचं पत्र इतकं उशिरा आलं, की तोवर मी खोली सोडून गावी गेले होते.

खासगी संस्थांमध्येही दफ्तरं उभी राहिली आहेत. टाटांचं पुण्यात, गोदरेजचं विक्रोळीत. बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेनं 2019 मध्ये शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांसाठी अभिलेखागार सुरू केलं. तिथे लागतात प्रयोगवह्या, नकाशे, छायाचित्रं, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण. मोडीचा तिथे उपयोग नाही. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, काम मोलाचंच आहे. माझा जीव मात्र मोडीत अडकलेला.

(दृश्य: तहसील कार्यालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या.)

मग 2023 साल आलं. कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि एकाएकी जो तो मोडी वाचणारा माणूस शोधू लागला. मी आमच्याच जिल्ह्यात बसले होते. समोर गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदींचं. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे रेघ ओढतात आणि लेखणी फारशी न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जातात. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. शब्द कुठे तुटतो ते आपणच ओळखायचं. टेबलासमोर एक म्हातारे आजोबा दोन तास उभे होते. "ताई, आमचा आजा घावला का?" घावला. मुलाचा जन्म, बापाचं नाव, जात. मी ओळ वाचली तशी त्यांनी पुन्हा वाचायला लावली, आणि मग तिसऱ्यांदा.

काही महिन्यांनी ते कामही संपलं.

मला खरी तळमळ याची आहे. एका दफ्तरात वर्षभर बसलं की कुठल्या कारकुनाचा हात, म्हणजे अक्षराचं वळण, कसा, कुठला कागद चुकून भलत्याच रुमालात गेलाय, हे कळायला लागतं. ते कुठल्याही यादीत नसतं. माणूस अकरा महिन्यांनी गेला की तेही जातं आणि पुढचा पहिल्यापासून सुरुवात करतो. अशा जागा कायम भरा, बाहेरगावहून येणाऱ्याला राहायला खोली द्या, हे मी प्रत्येक मुलाखतीत सांगत आलेय. निवड होवो न होवो.

(दृश्य: पहाट. तंजावरचं स्टेशन.)

आता तंजावर. इथे 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती, त्यामुळे मोडीचे गठ्ठे इथेही आहेत. मराठी वाक्यात मध्येच तमिळ शब्द येतो आणि मी अडखळते. यादीचं काम आहे, थोड्या मुदतीचं.

पहिल्या दिवशी गठ्ठा सोडला, तर वरच्याच कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी होती, माझ्याआधी इथे बसलेल्या कुणाची तरी. "ह्या हाताचा ग आणि म एकसारखा येतो. मागचापुढचा शब्द बघून वाचावा."

मी ती जागेवर ठेवली. खाली तारीख घातली आणि त्या तमिळ शब्दांची यादी लिहायला घेतली.